डावा पंख

वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरला खेटून,
ब्राख्ट पियानो कंपनीचं युद्ध ठेवलंय
त्रेपन्न खोक्यांत.
आधी ते कारखान्याच्या माळ्यावर होतं, कबुतरांच्या ताब्यात.
छप्पर उतरवायच्या आदल्या रात्री आम्ही तिघांनी
मासेवाल्या ओडेगार्डच्या ट्रकमधून ते हलवलं.
सतराव्या खोक्याला अजून ट्राउटचा वास येतो.

मी आधी टाचण्या काढते.
गंजलेल्या, कागदाला तपकिरी चावा घेऊन बसलेल्या.
चौकातल्या पितळी पाटीवरचं गावाला तोंडपाठ आहे:
त्रेचाळीस साली पियानो थांबले, ग्लायडरचे पंख सुरू झाले,
तेच स्प्रूसचं लाकूड, तोच सरस, तेच हात.
विस्कॉन्सिनमधल्या एवढ्याशा नॉर्डलने
आभाळात माणसं धाडली, इंजिनाशिवाय.

पाटीवर मावलं नाही ते खोक्यांत आहे.
हातमोज्यांसाठीचा अर्ज, तीनदा फेटाळलेला.
एकाच कामाचे दोन दर, पुरुषांचा आणि बायकांचा.
पगाराच्या पाकिटामागे कुणीतरी काढलेला
फोरमन, बदकाच्या चोचीचा.

आणि तपासणीची वही, हिरव्या पुठ्ठ्याची.
तारीख, डावा की उजवा, बरोबरची खूण, सही: टी. एल.
पानामागून पान बरोबर, बरोबर, बरोबर.
इतकं बरोबर असतं का कुठे काही?
मी दिवा टेबलावर आडवा केला.
तिरप्या उजेडात कागद शेतासारखा दिसतो,
कुठे नांगर फिरला ते कळतं.
एकोणीस नोव्हेंबर, डावे पंख, अकरा.
बरोबरच्या खुणेखाली
फुलीची सरी.
शिसं पुसलं गेलं होतं. दाब राहिला होता.

थोरा लिंडक्विस्टला तिच्या भाच्याने आणलं,
ब्याण्णव वर्षांची, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.
वही तिने उघडली नाही. वरून नुसता हात फिरवला.
म्हणाली, आम्ही बोटाच्या सांध्याने ठोकून बघायचो,
साउंडबोर्डला ठोकायचो तसंच.
सरस धरला असेल तर लाकूड बोलतं.
त्या आठवड्यात भट्टी बंद होती, सरस गार पडला होता,
अकरा पंख मुके होते.
मी फुल्या मारल्या. सोमवारी आले तर
माझ्याच सहीवर दुसऱ्याच्या खुणा.
मग?
मग काय. एकोणीस वर्षांची होते. दुपारी डबा खाल्ला.

ते पंख कुठे गेले, कुठे उतरले, उतरले की नाही,
यातलं एकही खोकं सांगत नाही.
शेवटचं खोकंसुद्धा नाही. मी दोनदा पाहिलं.

कपाटांचे पैसे धाकट्या ब्राख्टने दिलेत,
दमट हवा शोषणारं यंत्रही त्याचंच.
तो सभ्य माणूस आहे. आवाज न चढवता म्हणाला,
सात हजार पंख चांगले गेले, त्याचं काहीच नाही का?
आहे ना, म्हटलं. चोवीस ते एकोणचाळीस,
सोळा खोकी त्याचीच आहेत.
तो बराच वेळ बॉयलरकडे बघत राहिला.
नंतर यंत्र परत न्यायला कुणी आलं नाही,
पण त्याचा फोनही आला नाही.

थोरा निघताना थांबली,
टेबलाला दोन ठिकाणी ठोकून म्हणाली,
हा कोपरा सुटलाय, बघून घ्या.
सुटलाच होता.

तळघराचा नियम साधा आहे,
शाई वर ठेवायची, आत फक्त पेन्सिल.
खोकं एक्केचाळीस, मी लेबलावर लिहिलं.
तपासणी वही. अकरा नोंदी खोडून बदललेल्या.
मूळ खुणा तिरप्या उजेडात वाचता येतात.
लिहिताना
दाबून लिहिलं.